पायाळू

डॉक्टरांनी आईच्या एमआरआयची फिल्म उजेडाच्या पेटीवर लावली. मणके एकाखाली एक, इमारतीच्या खिडक्यांसारखे दिसत होते, आणि खालून तिसऱ्या खिडकीतला दिवा गेलेला होता.

"कंबरदुखीत हे क्वचित सापडतं," डॉक्टर हळू आवाजात म्हणाले. "कॅन्सर आहे. दुसरीकडून मणक्यात उतरलाय. जरा आधी यायला हवं होतं."

आधी आम्ही घरीच होतो. मी पायाळू, म्हणजे जन्मताना पाय आधी बाहेर आलेली. पायाळूने पाय लावला की कमरेतली उसण जाते, असं आमच्याकडे मानतात. लहानपणी शेजारपाजारचे लोक आमच्या ओट्यावर पालथे पडत आणि मी मोठ्या तोऱ्यात त्यांच्या कमरेवर पाय टेकवत असे. गेले आठ महिने आईही तशीच पालथी पडत होती. आईला पाय कसा लावायचा, म्हणून मी आधी वाकून तिला नमस्कार करायची आणि मग टाच टेकवायची. नेमकी तिथेच.

कंबर कुणाची दुखत नाही? रोज दारात येणाऱ्या माणसाला आपण कधी नाव विचारत नाही. तसंच या दुखण्याला कुणी विचारलं नाही.

बाहेर आई बाकावर बसली होती. तिला अजून काहीच सांगितलं नव्हतं. उठण्यासाठी तिने माझा हात धरला.

"झालं ना एकदाचं? घरी गेलो की जरा पाय लाव गं. तुझ्या पायानेच उतार पडतो मला."