पप्पांच्या कानाचं मशीन

नव्वदच्या दशकाच्या शेवटी पप्पा शाळेतून निवृत्त झाले आणि वसईजवळच्या सांडोर गावातल्या आमच्या केळीच्या वाडीत रमले. तोवर त्यांचे कान बरेच गेले होते. आई जेवायला हाक मारायची ती शेजारच्या घरी ऐकू जायची, पप्पांना नाही. मग ती बाजूला तोंड करून पुटपुटायची. तिची ती सवयच झाली होती.

माझी मुलगी रांगती होती आणि मी माहेरी आले होते. मीच पप्पांना वसईत कान तपासायला नेलं. तिथल्या बाईंनी कानाचा साचा घेतला, काही दिवसांनी मशीन बसवलं आणि बजावलं, "सुरुवातीला घरातच, थोडा थोडा वेळ घाला. लगेच लग्नाबिग्नाला जाऊ नका. आणि घरच्यांनी ओरडायचं नाही. समोर बसून सावकाश बोलायचं."

संध्याकाळी पप्पा खुर्चीत बसून पंख्याकडे बघत होते. "हा एवढा आवाज करतो?"

मागून आई पुटपुटली, "आले परत चिखलाचे पाय घेऊन. सांगून सांगून जीव गेला माझा."

पप्पा मागे न वळता म्हणाले, "धुतो ना. त्यासाठी जीव कशाला देतेस?"

मी हसून हसून बेजार झाले. आई मात्र हसली नाही. "काय काय ऐकलंत?" तिने घाबरून विचारलं.

त्यानंतर ती कामापुरतंच बोलू लागली. दोन-तीन दिवसांत पप्पांनी मशीन काढून डबीत ठेवलं. मी चिडले. "डबीत ठेवायला घेतलंय का?"

"हे घातल्यापासून तुझी आई गप्प झाली," पप्पा म्हणाले. "आधी निदान तिचे ओठ तरी हलताना दिसायचे."

मी आईला सांगितलं. तिने पदराला हात पुसले, डबी घेतली आणि पप्पांसमोर येऊन बसली. "घाला. जे बोलायचं ते आता तोंडावर बोलेन."

पहिलंच वाक्य ती सवयीने ओरडली. पप्पांनी कान धरला. "हळू गं."

तिने पुन्हा सुरुवात केली. त्यांच्याशी हळू बोलायची सवयच मोडली होती, आवाज मध्येच फाटत होता. चिखलाचं बोलून झालं, केळीचं झालं. मग म्हणाली, "इतकी वर्षं मी चुलीशी बोलत होते."

मी मुलीला उचललं आणि अंगणात गेले.

पुढे मशीनचा ताबा आईनेच घेतला. पप्पा आंघोळीला निघाले की ती हात पुढे करायची. "द्या आधी." रात्री सेलचं झाकण उघडं ठेवून मशीन ओल शोषणाऱ्या दाण्यांच्या डबीत जायचं. आमच्याकडची दमट हवा तिला ठाऊक होती. बटणाएवढे सेल नातीने गिळले तर जिवावर बेतेल, म्हणून ते कपाटात कुलपात. मशीन सारखं शिटी मारू लागलं तेव्हा तीच पप्पांना घेऊन त्या बाईंकडे गेली आणि कानात सैल झालेला साचा बदलून आणला.

रविवारी दोघं चर्चमध्ये मिस्साला गेली. पप्पा मुद्दाम पुढच्या बाकावर बसले, फादरांचा चेहरा दिसावा म्हणून. बाहेर आल्यावर म्हणाले, "प्रवचन एवढं लांब असतं?"

"मग! तुम्ही इतकी वर्षं सुखात होता."

वर्षभराने आईने हट्टाने दुसऱ्या कानालाही मशीन घ्यायला लावलं. वाडीतून रस्त्यावर येताना रिक्षा कोणत्या बाजूने येते ते त्यांना कळावं, एवढंच तिचं म्हणणं होतं.