बिनकाट्याची पट्टी

आमच्या अणदूरकडं करडई सुटली ती काट्यापायी. तेल कितीबी चांगलं असू द्या, काढणीला बाई मिळंना. हाताला फडकी गुंडाळून कोण मरणार? म्हणून संशोधन केंद्राच्या बाईंनी बिनकाट्याचं नवं बियाणं आणलं, तेव्हा आमच्या बायकांच्या गटाला मीच तयार केलं. जमीन नि राबणूक गटाची, बियाणं नि देखरेख केंद्राची, खता-औषधाचा खर्च तेलघाणेवाल्या मामांचा. मामांनी आधीच सांगितलं होतं, "एक साल बघतो. जमलं तर भागी, न्हायतर रामराम." शेजारी शेजारी दोन पट्ट्या पेरल्या, एक जुन्या करडईची, एक नव्या बिनकाट्याची. कुठली किती उतरते ते बघायचं.

त्या साली पाऊस लांबला, पेरणी उशिरा झाली. त्यामुळं येळवसेला, म्हणजे आम्ही सगळे रानात जेवायला जातो त्या अमावस्येला, पीक अजून कवळंच होतं. बाईंना नि मामांना मी आवतण दिलं. कडब्याच्या कोपीत पाच दगडांचे पांडव पुजले, आंबिल शिंपडली, पंगत बसली. बाजरीचे उंडे, भज्जी आणि करडईची भाजी.

"भाजी काय कोवळी आहे हो!" म्हणत बाईंनी दुसऱ्यांदा घेतली. मामांनी तर तिसऱ्यांदा.

"असणारच की," थोरल्या जाऊबाई वाढता वाढता फुशारल्या, "आत्ताच खुडलीय. त्या कडंच्या पट्टीतली."

मी ताटावरनं उठले. पळत गेले, तर काय! जुनी पट्टी जशीच्या तशी, नवी मात्र शेंड्याबिगर उभी. पाहुण्या बायकांनीबी वाहत्या गंगेत हात धुऊन घेतले होते. मागनं जाऊबाई आल्या, त्यांच्यावर मी तिथंच तोंड सोडलं. "अवो, दुसरी पट्टी दिसली न्हाय का तुम्हाला?"

"तिला काटे हायेत!" जाऊबाईबी काय कमी न्हायत. "हिला टोचंना, मग हात थांबंना. माझा काय गुन्हा?"

बाईबी आल्या, खुडलेल्या रोपांपाशी वाकल्या. मग म्हणाल्या, "यंदाचा उतारा आता धरता येणार नाही. तुलनाच गेली."

मला रडू फुटलं. मामा आता हात वर करणार, आणि गटातल्या बायकांना मी काय तोंड दाखवू?

मामा बोटं चाटत आले. जाऊबाईंना म्हणाले, "दावा बरं हात." हात उलटेसुलटे बघितले आणि मोठ्यानं हसून केंद्राच्या बाईंकडं वळले. "एक ओरखडा न्हाय! अवो बाई, ह्या बाया करडईकडं फिरकत नव्हत्या, आज न बोलावता घुसल्या. उतारा पुढल्या साली बघू. माझी भागी धरा."

बाईसुद्धा हसल्या, तेव्हा कुठं माझ्या जिवात जीव आला.

पुढल्या साली आम्ही खुडण्यासाठी बांधाला एक जादा पट्टी पेरली, तीबी तिघांच्या भागीतच. येळवसेला बाई पिशवी घेऊनच आल्या नि सरळ रानात वाकल्या. तोच कोपीतून जाऊबाई ओरडल्या, "ओ बाई! ती न्हाय, ती मोजायची हाय. खायची पलीकडं!"