बिनधडाची घोडी आणि अडवलेलं दार

कॅनडात मला दिसलेली पहिली घोडी बेसमेंटमध्ये होती आणि तिला धड नव्हतं.

पण त्याआधी मी तिथं कशी पोचले ते सांगते. ऑफिसनं मला दीड महिन्यासाठी ऑटावाजवळच्या कनाट्याला पाठवलं. निघताना आईनं एकच बजावलं, "मने, तिथं कोणाच्या नकला करत बसू नको." आई उगाच बोलत नाही. दर्यापूरच्या शाळेत मी एकदा हेडमास्तरांच्या आवाजात माइकवरून अर्ध्या दिवसाची सुट्टी जाहीर केली होती आणि तीन वर्ग खरोखर दप्तरं घेऊन घरी गेले होते. मी आईला शब्द दिला. तो टोरांटोच्या इमिग्रेशनच्या रांगेपर्यंत टिकला.

उतरले अभयदादाकडे. दादा माझा मावसभाऊ, टेलिकॉममध्ये इंजिनियर. वहिनी नागपूरला माहेरी गेलेली, त्यामुळं घरात कोणी बोलणारंच नाही, कारण दादा दिवसाला साधारण नऊ वाक्यं बोलतो. बर्फ पडला की आधी आपला ड्राइव्हवे फावड्यानं साफ करतो, आणि मग कोणाला न सांगता समोरच्या ग्वेन आजीचा.

पहिल्याच शनिवारी ग्वेन आजींचा फोन आला. ख्रिसमसच्या बाजारात स्टॉल लावायचाय, बेसमेंटमधून घडीची टेबलं वर आणून द्याल का? मी पुढं होऊन जिना उतरले, दिवा लावला आणि अशी किंचाळले की दादाचं त्या दिवसाचं दहावं वाक्य निघालं.

"काय झालं वो मने?"

"दादा, खाली कोणीतरी घोडं मारून ठेवलंय!"

खरंच, समोर घोड्याची पांढरीफेक कवटी. डोळ्यांच्या जागी हिरव्या काचेचे गोळे, कानांना लाल रिबिनी, आणि मानेखाली नुसती चादर लोंबतेय. ग्वेन आजी कठडा धरून, हसत हसत खाली आल्या. अठ्ठ्याहत्तर वर्षांची बाई, पण हसली की शाळेतली वाटते. त्यांनी चादरीतली दोरी ओढली आणि घोडीनं माझ्या नाकासमोर कटकन जबडा मिटला.

"ही मारी लुइड," त्या म्हणाल्या. "घाबरू नकोस, लाकडाची आहे. माझ्या नवऱ्यानं कोरलीय."

वर किचनमध्ये त्यांनी आम्हाला बारा ब्रिथ (चहात भिजवलेल्या मनुकांचा गोड पाव) खायला दिला आणि सगळी गोष्ट सांगितली. आजी मूळच्या वेल्सच्या. तरुणपणी नवऱ्यासोबत इकडं आल्या. दोघंही लाकडाचे चमचे कोरायचे. तिकडं मुलगा मुलीला असा नक्षीचा चमचा देऊन मागणी घालतो. मला वाटलं, बरंय, आमच्याकडं बायोडेटा देतात, त्यानं सूपही पिता येत नाही.

कनाट्यापासून तासाभरावरच्या एका गावात ही वेल्श मंडळी दर डिसेंबरला चर्चच्या हॉलमध्ये बाजार भरवतात. बाजार रंगात आला की घोडी येऊन बंद दार ठोठावते आणि गाण्यातून म्हणते, आम्हाला आत घ्या. आतले त्याच चालीत उत्तर देतात, तुमचे आवाज बेडकासारखे, तुम्ही अधाशी, चालते व्हा. पुन्हा बाहेरचे, पुन्हा आतले. दहा आकडे मोजेपर्यंत ज्याला कडवं सुचत नाही तो हरला. घोडी जिंकली तर दार उघडतं, आणि हरली तर तिला गाडीच्या डिकीत घालतात आणि तिची माणसं मागच्या किचनच्या दारानं गुपचूप आत येतात.

"माझा नवरा होता तोवर ती घोडी कधी हरली नाही," आजी म्हणाल्या. "तो जाऊन चार वर्षं झाली. चारही वर्षं मी किचनच्या दारानं आत गेलेय. जानेवारीत हे घर विकून मी मुलीकडं व्हँकुव्हरला जाणार. म्हणजे ही शेवटची वेळ."

"मग आतल्यांना सांगा ना, यंदा उघडा म्हणून," मी म्हटलं.

"गेल्या वर्षी हवेल तसं म्हणाला होता. मी नाही म्हटलं. दयेनं उघडलेल्या दारापेक्षा मला किचनचं दार बरं."

हा हवेल म्हणजे आतल्या बाजूचा मुख्य गाणारा. आणि घोडीच्या चादरीत शिरणारा शेजारी यंदा बर्फावर घसरून पाय मोडून बसला होता. आजींनी दादाकडं पाहिलं. दादानं पावाकडं पाहिलं. पाव खाऊन झाला होता, म्हणजे सुटका नव्हती.

मला मात्र आनंदाच्या उकळ्या फुटत होत्या. "आजी, हे तर आमच्याकडं लग्नात असतं! नवी नवरी आली की नणंद दार अडवते. मग नवरी यमक जुळवून नवऱ्याचं नाव घेते, आणि दार उघडतं. यात नवऱ्याचं नाव कुठं घ्यायचं?"

"यात नाव नसतं, कारियाद (लाडके)."

"नावाशिवाय दार कसं उघडेल?"

आजी हसल्या नाहीत. उठून बशा धुवायला लागल्या. दादानं टेबलाखालून माझ्या पायावर पाय दिला. तेव्हा माझ्या लक्षात आलं की इतका वेळ त्या फक्त 'माझा नवरा' म्हणत होत्या. नाव एकदाही घेतलं नव्हतं.

पुढचा आठवडाभर ऑफिस सुटलं की मी त्यांच्या किचनमध्ये. मी चाल पाठ केली, आणि शब्दही. बदल्यात मी त्यांना आमचे उखाणे आणि 'नाव घ्या' म्हणजे काय ते शिकवलं. नदोलिग ह्लावेन (नाताळच्या शुभेच्छा) म्हणताना तो 'ह्ल' काढायचा तर जीभ 'ल'च्या जागी ठेवून बाजूनं हवा सोडायची, सायकलच्या ट्यूबमधून जाते तशी. दादानं प्रयत्न केला तर टेबल पुसावं लागलं. सांताक्लॉजला म्हणायचं शोन कॉर्न (धुराड्यातला जॉन). केलिन म्हणजे लाल फळांची काटेरी पानं, दारावर लावतात ती. आणि हिमकणांना म्हणतात प्ली एइरा (बर्फाची पिसं). मला हा शब्द फार आवडला. दादा म्हणाला, "रोज तीन फूट पिसं उचलून पाह्य, मग सांग."

बाजाराच्या दिवशी टेबलं भरल्यावर घोडीचं डोकं डिकीत मावेना. शेवटी तिला पुढच्या सीटवर बसवून बेल्ट लावला. ड्राइव्ह-थ्रूमध्ये कॉफीवाल्या पोरीनं आत वाकून पाहिलं, एक सेकंद थांबली आणि म्हणाली, "आणि यांच्यासाठी?" मी मागच्या सीटवरून घोडीच्या आवाजात सांगितलं, "साखर कमी." पोरगी इतकी हसली की एक कॉफी आमच्या हातात आणि एक बर्फात.

हॉलमध्ये शिरलो तर आल्याचा आणि ओल्या लोकरीच्या कोटांचा वास. कुणी विणलेले मोजे मांडलेले, कुणी मातीचे कप, आजींनी लाकडाचे चमचे, एक बाई गिऱ्हाईक नसेल तेव्हा हार्प वाजवत होती. स्टॉलवाल्यांनी वस्तूंवर वेल्शमध्ये पाट्या लावल्या होत्या आणि घेणाऱ्यानं ते नाव म्हणून दाखवायचं असा दंडक होता. मी प्रत्येक टेबलावर थांबून त्या त्या स्टॉलवाल्याच्याच आवाजात म्हणून दाखवत गेले. तिसऱ्या टेबलाशी माझ्यामागं गर्दी जमली. माझी ओळख झाली ती अशी.

कोपऱ्यात एक सहा फुटी म्हातारा मोठ्या पातेल्यातून काउल (मटण आणि भाज्यांचं पातळ कालवण) वाढत होता. प्रत्येक वाक्याआधी खाकरायचा, "अ-हम्!" जणू खाली पोतं टाकलं.

"अ-हम्! घोडीच्या बाजूची तूच का? मग आत्ताच पोटभर खा. नंतर किचनच्या दारानं यावं लागेल, तोवर हे गार होईल."

हाच हवेल. कालवण इतकं चविष्ट होतं की राग धरायला मला दुसरा वाडगा संपेपर्यंत थांबावं लागलं.

चार वाजले आणि कॅनडाच्या रीतीप्रमाणं सूर्यानं दुकान बंद केलं. आम्ही बाहेर. उणे सोळा. माझ्या पापण्यांवर बर्फ धरला होता. दादा चादरीत शिरला, त्याचा चष्मा धुरकटला, आणि आतून आवाज आला, "मने, मला काहीच दिसत नाही. दार कुठं आहे ते सांगत जा."

आजींनी दार ठोठावलं आणि पहिलं कडवं म्हटलं. आवाज बारीक पण खणखणीत. आतून "अ-हम्!" आणि मग ढगासारखा गडगडाट. दोन कडवी झाली, तीन झाली. आतले लोक खिडक्यांना नाकं लावून पाहत होते. चौथ्याला थंडीनं आजींना खोकला आला आणि त्या थांबल्या. आत कोणीतरी आकडे मोजायला लागलं.

मी पुढं झाले आणि त्याच चालीत ठोकून दिलं:

"कॅनडाच्या थंडीत नाक झालं लाल,
हवेलकाका, दार उघडा, किती कराल हाल!"

आतून हवेल ओरडला, "हे चालणार नाही! मला एक शब्दही कळला नाही!"

"तू वीस वर्षं या हॉलला वेल्शमध्ये शिव्या देतोयस हवेल," आजी ओरडल्या, "अर्ध्या लोकांना काय कळतंय?"

खिडक्या हसून हलल्या. मान्य झालं. हवेलनं उत्तराचं कडवं म्हटलं, आणि मग मी तेच उचललं, त्याच्याच आवाजात, शेवटचा सूर तसाच ताणून, मध्ये तो दम घेतो तिथं दम घेऊन. आणि सुरुवातीला, पोतं टाकल्यासारखं, "अ-हम्!" जोडीला माझं शेपूट:

"चमच्यात कोरला बदाम, बदामात कोरली किल्ली,
हवेलकाका, दार उघडा, नाहीतर उडेल खिल्ली!"

हवेल उत्तर द्यायला सरसावला. घसा साफ केला, तर अख्ख्या हॉलनं त्याच्याबरोबर खाकरून घेतलं, "अ-हम्!" तो पुन्हा सुरू करायला गेला. पुन्हा दीडशे घसे, "अ-हम्!" मला वाटलं, जिंकलो.

पण म्हातारा कच्चा नव्हता. थांबला, हसू गिळलं आणि हळू आवाजात एक कडवं म्हटलं. दरवर्षीचं, ठेवणीतलं. आजींनी मला त्याचा अर्थ आधीच सांगितला होता: घोडीला वाट दाखवणारा गेला, लंगडी घोडी, घरी जा. चारही वर्षं आजी याच कडव्याशी गप्प झाल्या होत्या.

आताही झाल्या. चादरीत दादाच्या हातातून दोरी सुटली. घोडीचा जबडा उघडाच राहिला. आत आकडे सुरू झाले. माझ्या डोक्यात एकही यमक येईना. आणि खरं सांगते, हे उत्तर माझं नव्हतंच.

तेवढ्यात चादरीतून, दिवसाला नऊ वाक्यं बोलणारा माझा भाऊ मराठीत गरजला, "आजी, नाव घ्या!"

त्यांना मराठी येत नाही. पण मी आठवडाभर किचनमध्ये हेच दोन शब्द दिवसातून दहादा म्हणत होते. आजींनी माझ्याकडं पाहिलं. मी मान हलवली. "घ्या आजी. नाव घ्या."

त्यांनी मफलर खाली ओढला. आधी वेल्शमध्ये म्हटलं, मग सगळ्यांना कळावं म्हणून इंग्रजीत. त्याचं मराठी साधारण असं:

"जी जी कडवी गातोस हवेल, ती एमरिसनं शिकवली तुला,
आत एमरिसचाच आवाज आहे, मग परका कोण? सांग मला.
चार वर्षं थंडीत उभी, घोडी माझी दमली रे,
एमरिस, आता दार उघड, तुझी ग्वेन घरी आली रे."

आजींनी स्वतः आकडे मोजायला घेतले, मोठ्यानं, एकही न वगळता. दया नको म्हणजे नको. दहा म्हणेपर्यंत म्हातारा खरोखर शब्द शोधत होता, मला त्याचे ओठ काचेतून दिसत होते. पण जे कडवं आठवेल ते एमरिसचंच. अकरावा आकडा आलाच नाही. कडी वाजली.

दार उघडलं तसा आमच्यावर गरम वाफेचा आणि टाळ्यांचा लोट आला. दादाला काही दिसत नव्हतं, तो सरळ घुसला, मोज्यांच्या टेबलाला धडकला, आणि मग त्याच्यात काय संचारलं कोण जाणे, खिंकाळत, जबडा कटकटवत हॉलभर पळत सुटला. लोक किंचाळत खुर्च्यांवर चढले. हवेलनं आजींसाठी पहिला वाडगा भरला आणि दोन्ही हातांनी दिला. "अ-हम्," तो म्हणाला आणि बाहीनं डोळे पुसले. "मी तीन महिने तयारी केली होती, ग्वेन."

"दिसलं," आजी म्हणाल्या. "मीठ थोडं कमी आहे." आणि वाडगा चाटूनपुसून संपवला.

जाताना आजींनी घोडी दादाला दिली. व्हँकुव्हरच्या फ्लॅटमध्ये तिचं काय काम. मला चमचा मिळाला, दांड्यावर कोरलेलं छोटं दार, उघडं.

जानेवारीत मी परतले. फेब्रुवारीत दर्यापूरला चुलतभावाचं लग्न झालं आणि दार अडवायचा मान माझ्याकडं आला. एरवी आम्ही एका उखाण्यावर नवरीला आत सोडतो, कारण सगळ्यांना जेवायची घाई. या वेळी मी उंबऱ्यात हात आडवे करून उभी राहिले. नवी वहिनी पाठ केलेलं नाव घेऊन पाऊल उचलायला लागली, तर मी उलट यमक फेकलं. ती चमकली. मागून काकू ओरडली, "मने, सोड न वो तिले, भात गार होऊन राह्यला!" पण वहिनीचे डोळे लकाकले होते. तिनं जागच्या जागी दुसरं रचलं. मी तिसरं. चौथ्याला तिनं माझ्या नाकावर असं काही जुळवलं की सगळा मांडव हसत सुटला. मी उत्तर शोधलं, मनापासून शोधलं, आणि नव्हतं.

हात खाली घेताना मला हवेलचा चेहरा आठवला. त्या दिवशी मला वाटलं होतं की तो हरल्यामुळं रडतोय. आता कळलं, माणूस इतका जीव तोडून दार अडवतो ते बाहेरच्याला जिंकून आत येता यावं म्हणून. मी खाकरले, "अ-हम्!" आणि बाजूला झाले. वहिनी माप ओलांडून आत आली.