पाठमोरी

शेजारी दारांना रंग लागतोय, टर्पेंटाइनचा वास आत आला आणि नव्वदच्या दशकातला बंगळूरचा एक रविवार आठवला. नोकरीसाठी मी तिथे नवाच होतो. बनशंकरीतल्या खोलीत सुटीच्या दिवशी बोलायला कुणी नसे, म्हणून एका दिवंगत स्थानिक चित्रकाराच्या प्रदर्शनात शिरलो. त्यांच्या आयुष्यभराच्या चित्रांत पुन्हा पुन्हा एकच बाई होती, चुलीपुढे पाठमोरी, मान जराशी डावीकडे कललेली. लोक तिच्यापुढे थबकत होते. “कोण असेल ही?” मी स्वतःशीच पुटपुटलो. कोपऱ्यात खुर्चीवर एकट्याच बसलेल्या म्हाताऱ्या बाई बेळगावकडच्या मराठीत म्हणाल्या, “मीच की. आमचे हे मला वळूच द्यायचे नाहीत. स्वल्प वळू काय म्हटलं, तर म्हणायचे, नको, भाकरी करपेल.” थोड्या वेळाने त्या उठल्या, पदर सारखा केला आणि दाराकडे चालू लागल्या. मान जराशी डावीकडे कललेली. हॉलमधली कुजबुज थांबली. आता सगळ्यांनीच ओळखलं होतं, पण हाक कुणी मारली नाही, मीही नाही. आज त्यांचा चेहरा आठवू पाहतोय, तर पाठच दिसते.