लाल पिसाचं कौतुक

इवो गावात मोरेनिकेला तिच्या नावानं हाक मारणारं आता कुणी उरलं नव्हतं. सगळे तिला फाकुनलेची आई म्हणत, आणि फाकुनले तर लग्न झाल्यावर गावाच्या दुसऱ्या टोकाला वेगळा राहायला गेला होता. नवरा फालेके जाऊन तीन वर्षं झाली होती. घरात राहिली ती, मका भिजवायची पाच मडकी आणि ओदिदे.

ओदिदे म्हणजे राखाडी पोपट. इकडे पाळलेल्या पोपटाला वेगळं नाव कुणी ठेवत नाही. अंग राखेच्या रंगाचं, डोळे पिवळे आणि शेपटी लालभडक. सव्वीस वर्षांपूर्वी कुणीतरी दीक्षेच्या बदल्यात हे पिल्लू फालेकेच्या ओट्यावर आणून ठेवलं होतं. फालेके भविष्य सांगायचा, दीक्षा द्यायचा. दीक्षा घेणाऱ्याच्या कपाळावर काळ्या दोऱ्यानं एक लाल पीस बांधावं लागतं. पीस नाही तर दीक्षा नाही, मग समोर राजाचा मुलगा का बसलेला असेना.

आता जंगलात पोपट दिसेनासे झाले आणि दीक्षा घेणारे मात्र वाढले. समुद्रापलीकडूनसुद्धा लोक येतात, ऊन सोसत नाही तरी येतात. पण फालेकेचा एक नियम होता. आपण होऊन गळलेलं पीसच घ्यायचं, ओढून काढायचं नाही. पीस गळलं की पोपटाचं स्तवन म्हणायचं आणि त्याला पामचं ताजं लाल फळ द्यायचं. स्तवन म्हणायचं काम मोरेनिकेचं, कारण लग्न करून घरात आलेल्या बाईनंच ते म्हणायचं असतं. तिचा आवाज तसा भसाडाच. पण त्या चार ओळी म्हणताना तो कुठून तरी भरून यायचा, आणि फालेकेही तेवढा वेळ गप्प बसून ऐकायचा. एरवी तो कुणाला बोलू द्यायचा नाही.

बाकी मोरेनिका बोलणारी बाई नव्हेच. ती चाळीस वर्षं एको करत आली. मका भिजवायचा, दळायचा, फडक्यातून गाळायचा, साका बसू द्यायचा, शिजवायचा आणि गरम असतानाच पानात गुंडाळायचा. तिच्या बोटांना चटका लागत नसे. तिच्या हातचा एको सुरीनं कापावा लागतो असं बाजारात म्हणत, आणि ते खरं होतं. गिऱ्हाइकानं बोटं दाखवावीत, तिनं तेवढी पुडकी द्यावीत, एवढाच तिचा बाजार.

फालेके गेल्यावर पहिल्याच वर्षी फाकुनले आईला म्हणाला, "इया, परवा दोघांची दीक्षा आहे. पिसं हवीत."

"गळली की देईन."

"गळायची वाट बघत बसलो तर ती माणसं दुसऱ्याकडे जातील. दोनच तर काढायचीत. कोंबडीची नाही का काढत आपण?"

"मेलेल्या कोंबडीची काढतो."

"बाबांच्या वेळी एवढी माणसं होती का यायला? तू फक्त धर त्याला. माझ्या हातात तो थांबत नाही."

तिनं धरलं. हे तिनं पुढं कुणापासून लपवलं नाही, स्वतःपासूनही नाही. कमरेचं फडकं सोडून तिनं पोपट त्यात गुंडाळला, छातीशी धरला आणि तोंड फिरवलं. ओदिदे किंचाळला. मग सवयीनं तिनं स्तवन म्हटलं आणि फळ दिलं. पुढच्या वर्षभरात असं चार वेळा झालं. नाही म्हणावं असं दर वेळी तिला वाटायचं. पण फाकुनले तेवढ्यापुरता तरी घरी येत होता, हेही होतंच.

मग एका सकाळी पिंजऱ्याखाली दोन लाल पिसं पडलेली दिसली. दोन दिवसांनी आणखी एक. आठवड्याभरात ओदिदे स्वतःच मान मागं वळवून पीस चोचीत धरायला लागला. ओढायचा, आणि ती जवळ येईपर्यंत धरून बसायचा.

फाकुनलेला आनंद मावेना. "बघ! बाबाच देतायत वरून. आता धरायला नको आणि ओढायलाही नको."

शेजारची सिकीरात साबण विकते आणि फुकटात सल्ले देते. तीही बघून गेली. "माझा बोकड असा दानशूर निघाला असता तर!" ती म्हणाली.

मोरेनिकेलाही बरं वाटलं. आता आपल्याला पाप केल्यासारखं त्याला फडक्यात बांधायला नको, एवढंच तिच्या मनात आलं. रोज सकाळी ती पीस उचलायची, समोर उभी राहून स्तवन म्हणायची, फळ द्यायची. दिवसभरात तिच्या तोंडून निघालेले शब्द म्हणजे बहुतेक तेवढेच.

शेपटी संपली. मग ओदिदेनं पंखाखालची राखाडी पिसं काढायला घेतली, नंतर छातीवरची. सहा महिन्यांत मानेखालचं अंग उघडं पडलं, गुलाबी, पुरळ आल्यासारखं. डोकं तेवढं पिसांचं राहिलं, कारण तिथं चोच पोचत नाही. फाकुनलेनं येणं कमी केलं. राखाडी पिसाला कोण विचारतो? मोरेनिकेनं पामतेल चोळून पाहिलं, कडू पाला उकळून आंघोळ घातली, लसणाचं पाणी शिंपडलं. ओदिदे शिंकला आणि त्यानं आणखी दोन पिसं काढली.

"मरणार हा," सिकीरात म्हणाली. "घरात माणूस गेलं की पाखरू मागं राहत नाही बघ. मोठ्या रस्त्याला जनावरांचा दवाखाना आहे, तिथं तरी ने. इथं मेला तर लोक तुलाच नावं ठेवतील."

दवाखान्यात कोंबड्यांच्या खोक्यांची रांग होती. डॉक्टरीण विशीतली, तितिलायो नावाची, पँट घातलेली. तरी तिनं म्हातारीला बघून मान म्हणून गुडघे वाकवले, त्यामुळे मोरेनिकेचा अर्धा राग तिथंच गेला. तितिलायोनं उवा शोधल्या, चोचीत पाहिलं, पोट दाबलं.

"खातो काय, इया?" तिनंही आईच म्हटलं.

"पामचं फळ, एको, मका, पपई."

"चांगलं खातो की. आजार तर काही दिसत नाही. घरात कोण कोण?"

"मी."

"गप्पा मारता त्याच्याशी?"

"पाखराशी काय गप्पा मारायच्या?"

"मग पीस काढलं की काय करता? ओरडता?"

"ओरडेन कशाला? कौतुक करते. आमच्या घरात लाल पिसाला तशी पद्धतच आहे."

"आणि राखाडी निघालं तर?"

 "त्यालाही स्तवन म्हणते. लाल काय, राखाडी काय, शेवटी त्याचंच पीस. वाईट वाटेल ना त्याला."

"म्हणून दाखवा बघू."

मोरेनिकेला लाज वाटली. मागं कोंबड्यांचे मालक बसले होते. पण डॉक्टरणीनं सांगितलं म्हणून तिनं डोळे मिटले आणि म्हणायला लागली: "शेपटीला आग लावून घेणाऱ्या, तरी न जळणाऱ्या, मुकुट ज्याच्या दारी उभा राहतो त्या पाहुण्या..." दुसऱ्या ओळीलाच मागचे लोक गप्प झाले. तिनं डोळे उघडले. टेबलावर ओदिदेनं मान खाली घातली होती. उघड्या छातीवर उरलेल्या चार-पाच पिसांतलं एक त्यानं चोचीत धरलं, ओढलं आणि मान वर करून तिच्यासमोर धरलं. मुळाशी रक्ताचा ठिपका होता.

तितिलायोनं ते पीस त्याच्या चोचीतून काढून घेतलं. मग तिनं हळूच विचारलं, "इया, एरवी तुमचा आवाज त्याच्या कानावर कधी पडतो?"

मोरेनिका मूर्ख नव्हती. तिला पुढचं सांगावं लागलं नाही. ती बाकावर बसली आणि दोन्ही हात डोक्यावर ठेवून म्हणाली, "मला ऐकण्यासाठी? अरे देवा, मला ऐकण्यासाठी हा स्वतःला सोलून काढत होता?"

कोंबडीवाल्यांपैकी एकजण हसायला गेला, पण कुणी साथ दिली नाही म्हणून गप्प झाला.

तितिलायोनं समजावून सांगितलं. पीस ओढलं की शब्द नाही, फळ नाही, तोंडावर राग नाही आणि दुःखही नाही. सरळ उठून जायचं. स्वस्थ बसला असेल, झावळी कुरतडत असेल, तेव्हा बोलायचं, भरपूर बोलायचं, फळही तेव्हाच द्यायचं. "सुरुवातीला जास्त ओढेल. आधी बोलायची, आता का बोलत नाही, म्हणून. तेव्हा मऊ पडू नका. एकदा मऊ पडलात की तो पक्कं धरून बसेल. आणि नवीन पीस कोवळं असतं, नळीत रक्त असतं. तसलं ओढलं तर कोरडं पीठ दाबून धरा, नाहीतर जाईल."

पहिले पंधरा दिवस फार वाईट गेले. ओदिदे पीस ओढून गजाशी यायचा आणि मोरेनिका पाठ फिरवून परसात जायची. तो आतून तिच्याच भसाड्या आवाजात स्तवनाची पहिली ओळ म्हणायचा आणि थांबायचा. पुन्हा म्हणायचा, पुन्हा थांबायचा. ती चुलीपाशी उभी राहून फडक्याचं टोक तोंडात कोंबायची. नवरा गेला तेव्हासुद्धा इतकं कठीण गेलं नव्हतं तिला. तेव्हा निदान रडायला लोक जमले होते.

बोलणंही सोपं नव्हतं. साठ वर्षं न बोललेल्या बाईनं एकाएकी काय बोलावं? आधी तिनं मक्याचे भाव सांगितले. मग कोण मेलं, कुणाची सून भांडून माहेरी गेली, ते सांगितलं. ओदिदे झावळी फाडता फाडता डोकं तिरकं करून ऐकायचा. एके दुपारी तिच्या लक्षात आलं की आपण याला त्या फडक्याची गोष्ट सांगतोय. मी तुला धरलं होतं, फाकुनले घरी यावा म्हणून धरलं होतं, असं ती सांगत होती. फाकुनलेला ती हे कधीच म्हणाली नसती.

सिकीरात कुंपणापलीकडून ओरडली, "फाकुनलेची आई! नवऱ्याशी एवढं बोलली असतीस तर आणखी दहा वर्षं जगला असता गं!"

"तो मला कुठं बोलू द्यायचा?" मोरेनिका म्हणाली, आणि दोघी हसल्या. अशी उत्तरं तिला यायला लागली होती. गिऱ्हाइकांनाही ती आता मुलाबाळांचं विचारायची. बाजारात म्हणू लागले, म्हातारीला वाचा फुटली.

फाकुनले एकदा येऊन गेला. पिंजऱ्यासमोर उभा राहिला आणि म्हणाला, "शेपटी येईल ना परत?"

"आली तरी तुझी नाही."

"माझी नसू दे, इया. दीक्षेला हवी."

"तुला कपाळ दिसतं रे लोकांचं. हा उघडा पडलाय, तो नाही दिसत?" तो पडलेल्या चेहऱ्यानं गेला. त्याला दुखावल्याचं तिलाही लागलं, पण तिनं हाक मारून बोलावलं नाही.

पाच महिन्यांनी ओढणं जवळजवळ थांबलं. छातीवर राखाडी लव आली. पंखाखाली कोंब फुटले. आठव्या महिन्यात, एका रविवारी, पिंजरा झाडताना तिला शेपटीच्या जागी लाल दिसलं. आधी वाटलं, रक्त. वाकून पाहिलं, तर करंगळीएवढं पीस, नळीतून अर्धं बाहेर आलेलं, लालभडक.

"अगं बाई!" ती ओरडली. "अगं बाई, आलं की गं! लाल आलं!" झाडू टाकून तिनं टाळ्या पिटल्या. हसू आवरेना. आणि त्या हसण्यातच, न ठरवता, तोंडातून निघून गेलं: "शेपटीला आग लावून घेणाऱ्या..." दोन ओळी होऊन गेल्यावर तिनं जीभ चावली. पण आनंद एवढा होता की त्याचं तिला काही वाटलं नाही. तिनं पामचं सगळ्यात मोठं फळ निवडून त्याला दिलं. आज कुठं त्यानं ओढलंय? स्वस्थच तर बसलाय, असं तिनं मनाशी म्हटलं. त्या दिवशी तिनं सिकीरातला फुकट एको दिला.

सोमवारी सकाळी ती पानं धुऊन आत आली, तर ओदिदे गजाशी येऊन बसला होता. चोचीत ते लाल पीस होतं. मागं दांडीवर, पिंजऱ्याच्या तळाशी रक्त सांडलं होतं आणि अजून सांडत होतं. तिला बघून त्यानं मान उंच केली.

तिच्या हातातली पानं खाली पडली, पण तोंडातून आवाज निघाला नाही. पिंजरा उघडून तिनं त्याला बाहेर घेतलं. कमरेचं फडकं सोडून त्यात गुंडाळला, मडक्याच्या काठावरची वाळलेली मक्याची बुकटी ओरबाडून घेतली आणि शेपटीच्या भोकावर अंगठ्यानं दाबून धरली. पांढरं पीठ लाल झालं. तिनं आणखी घेतलं. ओदिदेनं धडपड केली नाही. पीस अजून त्याच्या चोचीत होतं, आणि तो खालून तिच्या तोंडाकडे बघत होता.

बराच वेळ ती तशीच उंबऱ्यावर बसून राहिली. बाहेर गिऱ्हाइकांनी दोनदा हाका मारल्या. डोळ्यांतून पाणी वाहत होतं, ते पुसायला हात मोकळा नव्हता. ओठ तिनं घट्ट मिटून घेतले होते. मग अंगठा उचलून पाहिलं, तर रक्त थांबलं होतं. पीस केव्हातरी तिच्या मांडीवर पडलं होतं. ओदिदे थरथरत होता, पण होता. आणि तिला त्याला सांगायचं होतं, खूप काही सांगायचं होतं, निदान त्याचं नाव तरी घ्यायचं होतं. पण रक्त थांबल्यावर किती वेळानं बोललेलं चालतं, हे तिनं दवाखान्यातल्या त्या पोरीला विचारलं नव्हतं.