मुठीसकट बारा इंच

ती केस आता नीटशी आठवत नाही, असं मी जुन्या सहकाऱ्यांना सांगत आलो. एकदा बायकोलाही तसंच सांगितलं. खरी गोष्ट अशी की अठ्ठावीस वर्षांच्या नोकरीत तिच्याइतकी दुसरी कुठलीच केस मला आठवत नाही. चोपन्नाव्या वर्षी स्वेच्छानिवृत्ती घेतली, त्यामागेही थोडीफार तीच आहे. नावं कुणाची लिहीत नाही. चूक माझी होती, एवढं आधीच सांगून ठेवतो.

मी तेव्हा नगर जिल्ह्यात प्रवरेच्या पट्ट्यातल्या एका ठाण्याचा प्रभारी होतो. निवडणुकीची आचारसंहिता लागलेली. रोज सकाळी वरून फोन यायचा, "आज काय कारवाई?" दारूच्या केसेस झाल्या होत्या, प्रतिबंधक कारवाया झाल्या होत्या. शस्त्राची मात्र एकही नव्हती. शेजारच्या ठाण्यानं तलवारी पकडल्या, त्याचं नगरच्या बैठकीत कौतुक झालं आणि मला सगळ्यांसमोर उभं करून विचारलं गेलं, "तुमच्या हद्दीत काय सगळे संतच राहतात का?" लोक हसले. मीही हसलो. ते हसू माझ्या पोटात तसंच राहिलं.

त्याच आठवड्यात खबऱ्या आला. म्हणाला, "सायेब, कोल्हारला एक मास्तर हाय. घरामागं भट्टी हाय त्याची. सुऱ्या बनवतो अन् पार्सलनं धाडतो. नगर, पुणतांबा, पार नाशकापर्यंत."

"तू बघितलंस?"

"पार्सल बघितलं ना. कातड्यात गुंडाळलेलं, लई जड."

खबर स्टेशन डायरीला घेतली, दोन पंच बोलावले आणि रविवारी दुपारी छापा घातला.

घराच्या मागच्या बाजूला पत्र्याची शेड होती. आत सत्तावन्न वर्षांचा एक बारीक माणूस ॲप्रन घालून कानस मारत बसला होता. सरकारी औद्योगिक प्रशिक्षण संस्थेत तो फिटर ट्रेडचा निदेशक होता. मुलं त्याला सर म्हणत, गाव मास्तर म्हणत होतं. आम्ही आठ जण एकदम आत घुसलो तर तो उठला, हात पुसले आणि म्हणाला, "या साहेब. बूट काढू नका, खाली लोखंडाचा कीस आहे. पायात जाईल."

छाप्यात आमच्या पायांची काळजी केलेली मी पहिल्यांदाच ऐकली.

आत पाच सुऱ्या मिळाल्या. ट्रकच्या जुन्या कमानपाट्याचं पोलाद, बाभळीची मूठ, हातानं शिवलेली चामड्याची म्यानं. शेजारी कॅनव्हासच्या पाठपिशव्या, पत्र्याची घडी होणारी चूल, दोरीचा झोपाळा. आणि एक वही.

"हे काय चाललंय मास्तर?"

"छंद आहे साहेब. आम्ही दहा-बारा जण आहोत. सुट्टीत अकोले तालुक्यातल्या डोंगरात जातो. दुकानातलं सामान टिकत नाही, म्हणून आपलं आपण बनवतो. कुणी पिशव्या शिवतो, कुणी चूल बनवतो. सुऱ्या माझ्याकडं."

"कितीला विकता?"

"विकत नाही. देतो एकमेकांना."

इथंच माझा संशय पक्का झाला. महिना-महिना घासून एखादी वस्तू करायची आणि ती नुसती देऊन टाकायची, असा माणूस माझ्या अनुभवात नव्हता. घेणाऱ्याला पोलीस चटकन ओळखतो. देणारा समोर आला की तो गोंधळतो, आणि गोंधळलेला पोलीस कागद भरायला घेतो.

पंचनाम्याचं सांगितलंच पाहिजे, कारण सगळं तिथं आहे. सुरीचं पातं नऊ इंचांपेक्षा लांब किंवा दोन इंचांपेक्षा रुंद असेल तर शस्त्र अधिनियमाचं कलम लागतं. घरकामाची, शेतीची अवजारं त्यातून वगळलेली आहेत. त्या पाचांतलं सगळ्यात लांब पातं सव्वासात इंच होतं. मी ते डोळ्यांनीच ओळखलं होतं. पण चांगल्या सुरीचं पोलाद मुठीच्या शेवटापर्यंत एकसंध जातं आणि त्याच्या दोन्ही बाजूंना लाकूड बसवतात. मी हवालदाराला सांगितलं, "या टोकापासून त्या टोकापर्यंत धर." टेपवर बारा आले. मी म्हणालो, "पातं, बारा इंच. लिहा."

एक पंच चुळबुळला. "साहेब, मुठीसकट?"

"पोलाद कुठपर्यंत आहे?"

"शेवटपर्यंत."

"मग? सही करा."

मास्तर भिंतीशी उभा होता. रागावला नाही. वर्गात पोराला सांगावं तसं म्हणाला, "साहेब, पहिला महिनाभर मी मुलांच्या हातात कानस देतच नाही. फक्त माप घ्यायला शिकवतो. माप चुकलं की पुढचं सगळं चुकतं." हवालदार खेकसला, "मास्तर, इथं शाळा नका भरवू." मी खाली मान घालून लाखेचं सील पाहत राहिलो.

संध्याकाळी ठाण्यात टेबलावर सुऱ्या मांडून फोटो झाला. मागं आम्ही, मधे तोंडावर फडकं बांधलेला मास्तर. त्याआधी मी त्याच्याकडून साथीदारांची नावं काढायचा प्रयत्न केला. आवाज चढवला, टेबलावर हात आपटला. तो म्हणाला, "नावं नाही सांगणार साहेब, बिचारे घाबरतील. त्यात एक दातांचे डॉक्टर आहेत. ते दात काढताना स्वतःच डोळे मिटतात." दाराशी उभा असलेला शिपाई फस्सकन हसला. मी त्याला बाहेर काढलं.

मग मास्तर हळू आवाजात म्हणाला, "एक विनंती आहे. अठ्ठेचाळीस तासांच्या आत मला कोर्टातून जामीन मिळेल असं बघा. त्यापुढं कोठडीत राहिलो की सरकारी नोकर आपोआप निलंबित होतो. मला रिटायर व्हायला अकरा महिने आहेत. ही शेवटची बॅच आहे माझी, एकोणीस मुलं. त्यांची परीक्षा माझ्या हातून व्हावी, एवढंच."

"बघू," मी म्हणालो.

मास्तरांच्या पत्नी डबा घेऊन आल्या. दोन डबे होते. मी विचारलं, दुसरा कुणाचा? म्हणाल्या, "तुमचा. दुपारपासनं तुमी बी कुटं जेवलाय?" मी तो डबा घेतला नाही. नियमात बसत नाही म्हणालो. नियमाची आठवण मला त्या दिवशी तेवढ्यापुरतीच झाली.

सोमवारी सकाळी पेपरात फोटो आला. मास्तरांचा चेहरा झाकलेला होता, पण बातमीत गाव होतं, संस्था होती, वय होतं. फडक्यानं काय झाकलं जाणार?

दहाच्या सुमारास एक शेतकरी ठाण्यात आला. पुणतांब्याचा, धिप्पाड, खांद्याला कॅनव्हासची पिशवी. तिच्यातून म्यानासकट सुरी काढून त्यानं माझ्या टेबलावर ठेवली. सगळं ठाणं उभं राहिलं.

"बसा खाली समदे," तो म्हणाला. "सायेब, मला बी धरा. मास्तरच्या वहीत माझं बी गाव हाय."

"तुम्ही कोण?"

"पिशव्या शिवनारा मी. मास्तरला तुमी हत्यारवाला केलंय म्हनून आलो. आवो, ह्या सुरीनं मी कांदा चिरतो. डोंगरात भाकरीबरुबर. लईच झालं तर दोरी कापतो."

मी वही पुढं केली. मला ती गिऱ्हाइकांची नोंद वाटत होती. गाव, तारीख, सुरीचा नंबर आणि पुढं एकेक ओळ. मी एक ओळ वाचली, "'नगर, पंधरा दिवस. हात ओला असला की सटकते.' हे काय?"

"खोड हाय ती."

"कसली खोड?"

"मास्तरचा नियम हाय सायेब. नवी सुरी झाली की ती आधी समद्यांकडं फिरती. पंधरा-पंधरा दिस वापरायची, मंग पार्सलनं फुडच्याला. अन् वहीत एक खोड लिहायचीच. गोड बोलायचं न्हाई. खोड सापडली न्हाई म्हनला, की मास्तर म्हनतो तू वापरलीच न्हाईस, फुडच्या बारीला तुला सुरी न्हाई. समद्यांच्या खोडी आल्या की मास्तर ती दुरुस्त करतो, मंग ज्याची त्याला देतो."

मी पानं उलटली. दोन वर्षांची वही होती. 'मूठ बोटाला काचते.' 'धार छान आहे पण हे लिहायचं नाही म्हणून लिहितो की म्यान घट्ट आहे.' 'माझ्या बायकोनं भाजीला घेतली, परत देत नाही, हीच खोड.' खाली मास्तरांच्या अक्षरात, 'ही खोड दुरुस्त होणार नाही.'

मी हसलो. मग हसू थांबलं. समोर पंचनामा होता आणि त्यावर माझी सही होती.

तपासात धागा सापडणं म्हणतात, तो मला त्या क्षणी सापडला होता. माणूस निर्दोष होता. दुपारी बाराला त्याला कोर्टात उभं करायचं होतं. सरकारी वकिलांना एवढंच सांगायचं होतं की कोठडीची गरज नाही, माप पुन्हा घेतो. मास्तर संध्याकाळी घरी गेला असता, मंगळवारी वर्गावर.

साडेअकराला वरून फोन आला. "शाब्बास. किती साथीदार आहेत? पाळंमुळं खणून काढा."

मी रिमांड रिपोर्टात लिहिलं, 'इतर साथीदारांचा शोध घेणे आहे.' दोन दिवसांची पोलीस कोठडी मिळाली. साथीदार तर आपल्या पायांनी ठाण्यात येऊन बाकावर बसला होता. त्याला मी शेतकरी म्हणून सोडून दिलं आणि त्याची सुरी परत केली. ती मोजलीसुद्धा नाही.

मंगळवारी दुपारी अठ्ठेचाळीस तास झाले. मास्तरनं कोठडीतून भिंतीवरचं घड्याळ पाहिलं. पाणी मागितलं, ते मी स्वतः नेऊन दिलं. माझी तेवढीच हिंमत झाली.

निलंबनाचा आदेश आला. कार्यशाळेत पाऊल टाकायला बंदी झाली. एकोणीस मुलांची परीक्षा दुसऱ्या कुणी घेतली आणि अकरा महिन्यांनी मास्तर घरी बसल्या बसल्या निवृत्त झाला. दोषारोपपत्रावर माझीच सही होती, माप बाराच ठेवलेलं. मधे माझी दोनदा बदली झाली. दर वेळी मनाशी म्हणालो, आता पत्र लिहू. लिहिलं नाही.

तीन वर्षांनी केस उभी राहिली. साक्षीच्या पिंजऱ्यात मुद्देमालाचं सील फोडलं. आरोपीच्या वकिलांनी माझ्या हातात पट्टी दिली. "पातं मोजा."

मोजलं. "सव्वासात."

"पंचनाम्यात बारा आहे. लिहिण्यातली चूक का?"

'हो' म्हटलं असतं तर चाललं असतं. सरकारी वकील डोळ्यांनी तेच सुचवत होते. मी म्हणालो, "नाही. मुठीसकट मोजलं. मोजताना मला माहीत होतं."

मास्तर सुटला. पुढं माझी खातेनिहाय चौकशी झाली, ठपका आला. त्याबद्दल तक्रार नाही.

कोर्टाबाहेर लिंबाखाली मास्तर पत्नीची वाट बघत उभा होता. मी जवळ गेलो. "मास्तर, मला माफ करा."

तो म्हणाला, "खरं बोललात, बरं केलंत. उशीर केलात, तेही आहेच."

"माझ्याकडून काही होण्यासारखं असेल तर सांगा."

"मला आता काय पाहिजे साहेब? त्या एकोणीस पोरांना सांगा. दर वर्षी दसऱ्याला माझी जुनी मुलं आपट्याची पानं घेऊन घरी येतात. त्या बॅचचं एक पोर आलं नाही. त्यांना वाटतं, सर हत्यारं विकत होते. आपण कुणाकडं शिकलो हेच सांगायची त्यांना लाज वाटत असेल." मग माझ्या खांद्याला हात लावून म्हणाला, "सावलीत या. ऊन फार आहे."

मी संस्थेत गेलो, पण त्यालाही स्वेच्छानिवृत्तीपर्यंत वेळ लावला. नव्या प्राचार्यांनी मुलं गोळा केली आणि मी सगळं सांगितलं. मुलं शांतपणे ऐकत होती. शेवटी प्राचार्य हळूच म्हणाले, "साहेब, यांतल्या कुणीच त्यांना पाहिलेलं नाही." जुन्या बॅचचे पत्ते बदलले होते, फोन लागत नव्हते. आजवर चौघे सापडले. पंधरा राहिले.

या केसनं मला काय शिकवलं, असं लोक विचारतील. खोटा कागद करायला दोन मिनिटं लागतात. तो खोडायला माणसं घरोघर शोधावी लागतात, आणि ती सापडतीलच असं नसतं. त्यापलीकडं मला काही शिकता आलं असेल तर ते मास्तरांनाच विचारावं लागेल.

हे लिहितोय ते त्या पंधरांसाठी. तुम्ही आता चाकणला, सुप्याला, कुठंकुठं मशीनवर उभे असाल. तुमचे सर हत्यारं विकत नव्हते. त्यांनी कुणाचं काही वाकडं केलं नाही. वाकडं माप मी घेतलं होतं. तुमची परीक्षा घ्यायची म्हणून त्यांनी माझ्यापुढं हात जोडले होते, आणि मी 'बघू' म्हणालो होतो. त्यांची तब्येत बरी आहे. दसऱ्यापर्यंत थांबू नका. ते दुपारी घरीच असतात.