आहेर बाईंचं वॉर्मअप

शर्यतीआधी आहेर बाई प्रत्येक मुलीच्या मानेवर पालथा हात ठेवायच्या, ताप बघतात तसा. घाम लागला नाही तर मुलीची रवानगी पुन्हा दोन फेऱ्या मारायला. "थंड अंगानं पळायचं नाय," एवढंच म्हणायच्या. पंचवटीतल्या आमच्या शाळेत त्या खेळ शिकवायच्या, मी मराठी. माझा आवाज बरा, म्हणून स्पर्धांच्या उद्घाटनाला माइक कायम माझ्या हातात असायचा. तो माइकवाला मी आठवला की आजही मला स्वतःची किळस येते.

बाई वणीकडच्या. मंगळसूत्र ट्रॅकसूटच्या आत सारून सहाच्या ठोक्याला मैदानात हजर असायच्या. इतर शाळांचे सर मुलांना ओळीत बसवून अंगठे धरायला लावायचे आणि स्वतः चहा प्यायचे. बाईंना ते बघवत नसे. पळायच्या तोंडावर स्नायू ताणत बसलं की पायातला जोर जातो, असं त्या सरांना तोंडावर सांगायच्या आणि शिष्ट म्हणून नाव कमवायच्या. त्यांच्या मुली आधी सावकाश धावायच्या, मग गुडघे वर, मग टाचा मागे, शेवटी तीन छोट्या दौडी, प्रत्येक आधीपेक्षा जोरात. ते झालं की बाई कुणालाच उभं राहू देत नसत. "तवा तापलाय. आता भाकरी टाका, गप्पा नको."

हेमा त्यांची सगळ्यात वेगवान मुलगी. पेठकडच्या डोंगरातली, मावशीकडे राहून शिकणारी. त्या वर्षी जिल्ह्याच्या शंभर मीटरमध्ये पहिली आली, तर राज्य स्पर्धेला जाणार होती आणि क्रीडा वसतिगृहात तिची सोय होणार होती. नाहीतर दहावीनंतर घरी यायचं, असं वडिलांनी बजावलं होतं.

जानेवारीतली सकाळ, नाशिकची थंडी. उद्घाटन आठला होतं आणि पाहुणे सव्वानऊपर्यंत आलेच नाहीत. सगळ्या शाळांची मुलं अर्ध्या चड्डीत रांगेत कुडकुडत होती. फक्त बाईंच्या मुली स्वेटर घालून मंडपामागे हळूहळू पळत होत्या. आयोजकांनी मला डोळ्यांनीच खुणावलं. मी गेलो आणि मुलींना रांगेत आणा म्हणालो. बाई हलल्या नाहीत. तेव्हा मी गंभीर चेहरा करून सांगितलं, की संचलनाला नसलेल्या शाळेची नावं स्पर्धेतून काढली जातात, तसा नियमच आहे. नियमबियम काही नव्हता. तो मी तिथल्या तिथे रचला होता.

बाईंनी मुलींना स्वेटर काढायला लावले आणि रांगेत उभं केलं. मग शाली, नारळ, गुच्छ, आणि मी प्रत्येक नावाला चार विशेषणं लावत होतो. पाहुणे खेळाडूवृत्तीवर अर्धा तास बोलले आणि खाली उतरून ट्रॅकच्या कडेला पचकन थुंकले. त्यांना पुढचा कार्यक्रम होता, म्हणून मुलींची शंभर मीटर लगेच लावायची ठरली. झेंडा त्यांनाच दाखवायचा होता.

बाई धावत माझ्याकडे आल्या. फक्त दहा मिनिटं मागत होत्या. साहेबांना वेळ नाही, असं मी माइकवर हात ठेवून सांगितलं.

त्यांनी हेमाच्या मानेवर हात ठेवला. "नको पळू."

"नाय पळले तर गावाला जावं लागंल, बाई," हेमा म्हणाली.

बाईंनी हात काढून घेतला. साठ मीटरपर्यंत हेमा सगळ्यांच्या पुढे होती. मग तिने मांडीची मागची बाजू धरली आणि कोसळली. पाहुणे तोवर गाडीकडे वळले होते. मी पहिल्या आलेल्या मुलीचं नाव पुकारलं, टाळ्या मागितल्या आणि त्या मिळाल्याही. आठवलं की शिसारी येते.

दुखापत मोठी होती. परीक्षा संपल्यावर वडील हेमाला घेऊन गेले. पुढच्या हंगामात ती द्राक्षाच्या बागेत कामाला लागल्याचं कानावर आलं.

बाईंनी आरडाओरडा केला नाही. एक अर्ज लिहिला. संचलनाला नसलेल्या शाळेला बाद करण्याचा नियम रद्द करावा, वॉर्मअप झालेल्या मुलांना उभं ठेवू नये. भाषा तपासायला तो माझ्याकडेच आणला. मी शुद्धलेखन सुधारलं, दोन वाक्यं नेटकी करून दिली आणि तोंड मिटून बसलो. उत्तर येईना तेव्हा बाईंनी दुसरा अर्ज लिहिला, मग तिसरा. तेही मी तपासले.

एका दुपारी त्या स्टाफरूममध्ये आल्या आणि एक पत्र माझ्यापुढे ठेवलं. कार्यालयाने कळवलं होतं, की आपण उल्लेख केलेला नियम अस्तित्वात नाही. मी ते वाचलं. मान वर करायची हिंमत झाली नाही.

"हेमा इचारत होती, आपण उभं का राहिलो," बाई म्हणाल्या. "मी सांगितलं, नियम हाय. आता तिला काय सांगू?"

घंटा होईपर्यंत बाई तशाच उभ्या राहिल्या. मग पत्र तिथेच ठेवून मैदानावर गेल्या. पुढच्या वर्षी त्या निवृत्त झाल्या, गेल्या पावसाळ्यात वारल्या. मधल्या काळात त्यांनी मला कधी काही विचारलं नाही. आणि हेमाला अजून वाटतं, की तसा नियम होता.